पूर्वेकडून येणारा पाऊस

मराठी माणसाच्या मनातला पावसाळा पश्चिमेकडून येतो. केरळात दाखल झाला, गोव्यात पोचला, कोकणात कोसळला, सह्याद्री चढला, असा त्याचा प्रवास आपण दरवर्षी जूनमध्ये वर्तमानपत्रांत वाचतो. घाटमाथा ओलांडल्यावर उरलेल्या महाराष्ट्राच्या वाट्याला काय येणार, याची मग काळजी करतो. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला हा हिशेब लागू पडत नाही. वैनगंगेच्या काठावरच्या या गावात जाणता शेतकरी पावसासाठी पूर्वेकडे बघतो, छत्तीसगडच्या दिशेला. मुंबई तुंबल्याच्या बातमीपेक्षा ओडिशाच्या किनाऱ्याजवळ हवेचा दाब उतरल्याची बातमी त्याच्या जास्त कामाची असते. इथलं हवामान समजून घ्यायचं तर आधी ही दिशा पक्की करावी लागते, कारण इथला धान, इथले पूर आणि इथली भीती या तिन्हींची मुळं बंगालच्या उपसागरात आहेत.

गोंदियाहून रेल्वेनं निघालं की चाळीसेक किलोमीटरवर बालाघाट. बिरसोल्याच्या बाजूला बाघ नदी ओलांडली की राज्य बदलतं. बांध्या, धुरे, बोड्या आणि मोहाची झाडं मात्र तशीच पुढे चालू राहतात. भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून ब्रिटिशांनी १८६७ मध्ये हा जिल्हा केला आणि मुख्यालयासाठी वैनगंगेजवळचं बुढा हे गाव निवडलं. त्याआधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर, म्हणून बालाघाटचं तोंड कायम नैऋत्येकडे, नागपूरकडे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पण बाजार गोंदियाचा, मोठा दवाखाना नागपूरचा, सोयरीक भंडारा-गोंदियाची, ही व्यवस्था त्यानंतरही टिकली. पोवारी, मराठी, लोधी, गोंडी आणि हिंदी एकाच बाजारात बोलल्या जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराईला गावाबाहेर हाकलणारी नारबोद सीमेच्या दोन्ही बाजूंना निघते आणि दिवाळीनंतरची मंडईही दोन्हीकडे भरते.

हवामान खात्याच्या नकाशावर मात्र सीमा ठळक आहे. देशाचे ३६ हवामान उपविभाग आहेत. बालाघाट ‘पूर्व मध्य प्रदेश’ या उपविभागात मोडतो, गोंदिया ‘विदर्भ’ या उपविभागात. लांजीवर पडलेली सर रीवा आणि सतन्याच्या सरासरीत जाते आणि तोच ढग पंचवीस-तीस किलोमीटर सरकून आमगावावर बरसला तर तो बुलढाणा-अकोल्याच्या सरासरीत मोजला जातो. ‘पूर्व मध्य प्रदेशात पाऊस सरासरीइतका’ असं वाक्य वाचून बालाघाटच्या बांधीत काय चाललंय हे कळत नाही, ते यामुळे. आता जिल्हावार इशारे मिळतात, ही मोठी सुधारणा आहे. तरी एका जिल्ह्याचंही एकच हवामान असतं असं नाही, आणि बालाघाटचं तर नाहीच.

पाऊस पूर्वेकडून कसा येतो, ते थोडं उलगडून सांगायला हवं. जून ते सप्टेंबर या काळात बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात; चार महिन्यांत साधारण डझनभर. त्यांतली काही पुढे तीव्र होतात. ओडिशाच्या किनाऱ्यावरून ती जमिनीवर येतात आणि पश्चिम-वायव्येला सरकू लागतात. छत्तीसगड ओलांडून अनेकदा दोन-तीन दिवसांत जबलपूर-मंडल्याच्या आसपास पोचतात. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो आणि सर्वांत जोरदार पाऊस केंद्रावर न पडता त्याच्या नैऋत्य बाजूला पडतो. क्षेत्राचा नेहमीचा मार्ग बालाघाटच्या जरा उत्तरेकडून जातो, म्हणजे बालाघाट नेमका त्या ओल्या बाजूला सापडतो. त्यात भर सातपुडा आणि मैकल रांगांची. बाष्पानं भरलेला वारा त्यांच्या उतारांवर चढतो, थंड होतो आणि पाणी सोडतो. नागपूरला वर्षाकाठी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर बालाघाट जिल्ह्यात साधारण चौदाशे ते सोळाशे. समुद्रापासून एवढ्या आत असलेल्या जिल्ह्यासाठी हा आकडा मोठा आहे.

पण हाच आकडा फसवा आहे आणि या लेखाचा सगळा भर त्यावर आहे. उपसागरातून एक क्षेत्र आलं आणि गेलं, आता पुढचं कधी, हे कुणाच्या हातात नसतं. मधल्या काळात पावसाचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांबलचक पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, तर मध्य भारतात खंड पडतो. आकाशात ढग असतात, घामाच्या धारा असतात, पण पाणी नसतं. बांधीतलं पाणी आटतं, चिखलाला भेगा जातात. मग दोन दिवसांत अडीच-तीनशे मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि महिन्याची सरासरी भरून निघते. कागदावर तो महिना चांगला दिसतो. ज्याचा रोवा वाळला आणि मग वाहून गेला, त्याला तो चांगला कसा वाटेल?

याचा सर्वांत कठोर पुरावा १८९६ चा आहे. त्या वर्षी मध्य प्रांतात पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यांत पाणी भरपूर झालं होतं. ऑगस्ट सरता सरता पाऊस एकाएकी थांबला आणि पुन्हा आला नाही. धान पोटरीत असताना पाणी तुटलं. १८९६-९७ च्या दुष्काळात बालाघाट होरपळला. तो सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. त्या खेपेला तर पावसानं जवळपास सगळ्याच हंगामात दगा दिला. १९०१ ची जनगणना झाली तेव्हा जिल्ह्यातली माणसं दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. पहिला दुष्काळ एकूण पावसाच्या तुटीपेक्षा शेवटच्या महिनाभराच्या तुटीनं आणला होता. धानाच्या मुलखात ही गोष्ट दर पिढीला नव्यानं शिकावी लागू नये.

हवामान वेळेप्रमाणे बदलतं तसं जिल्ह्यात जागेप्रमाणेही बदलतं. बालाघाट गाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आतबाहेर आहे. वारासिवनी, कटंगी, किरनापूर, लांजी हा सगळा खालचा सपाट, धानाचा भाग. गावापासून बैहरकडे निघालं की रस्ता घाट चढू लागतो आणि थोड्या वेळात आपण पाच-सहाशे मीटर उंचीच्या पठारावर येतो. परसवाडा, बैहर, मलाजखंड, आणि पुढे कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की प्रवेशद्वार. उंची अडीच-तीनशे मीटरांनी वाढली तर हवा सरासरी दीड-दोन अंशांनी थंड व्हायला हवी, असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात हिवाळ्याच्या रात्री फरक त्याहून खूप जास्त पडतो. निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडून देते, थंड हवा जड असल्यानं टेकड्यांवरून घरंगळून खोलगट कुरणांत साचते आणि पहाटे कान्हाच्या गवतावर दहिवर गोठलेलं असतं. खाली वैनगंगेच्या काठी तेव्हा नुसतं धुकं असतं आणि माणसं शेकोटीवर भागवतात. एकाच जिल्ह्यात, शे-दीडशे किलोमीटरच्या आत, एका ठिकाणी गोठण आणि दुसऱ्या ठिकाणी साधी थंडी.

झाडं हा फरक माणसांपेक्षा आधी ओळखतात. मध्य भारतात पश्चिमेकडे सागवान आणि पूर्वेकडे साल अशी ढोबळ वाटणी आहे आणि ती दोन राज्यं ज्या पट्ट्यात भेटतात त्यात बालाघाट येतो. सालाला ओल जास्त लागते, म्हणून तो वरच्या पठारावर आहे. त्याचं बी पिकतं जूनमध्ये, अगदी पावसाच्या तोंडावर. जमिनीवर पडलेलं हे बी जेमतेम आठवडाभर जिवंत राहतं. तेवढ्यात पहिला पाऊस झाला तर रुजतं, नाही तर वाया जातं. इतक्या अरुंद फटीतून पिढ्यान्‌पिढ्या तगलेलं साल जंगल म्हणजे इथला पाऊस हजारो वर्षं साधारण वेळेवर येत होता याची खूणच आहे. पाऊस पंधरा दिवस पुढे सरकला तर हवामान खातं त्याला ‘उशीर’ म्हणेल. सालाच्या लेखी त्या वर्षीची सगळी संतती गेली.

वरच्या पठारावर शेती उशिरा आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लछमन नाईक नावाच्या माणसानं परसवाड्याच्या पठारावर पहिली गावं वसवली, अशी नोंद आहे. जिल्हा झाल्यावर ब्लूमफिल्ड या इंग्रज अधिकाऱ्यानं खालच्या भागातल्या पोवार शेतकऱ्यांना वर नेऊन बैहरच्या बाजूला वसवण्याचा खटाटोप केला. तोवर तिथे गोंड आणि बैगा होते. बैगांची बेवर शेती ही पावसाच्या वेळेवर बेतलेली शेती होती. उन्हाळ्यात झाडझाडोरा तोडून वाळवायचा, पाऊस येण्याच्या जरा आधी जाळायचा आणि राखेत कोदो-कुटकी टाकायची. आधी जाळलं तर राख वाऱ्यावर जाते, उशीर झाला तर ओलं लाकूड पेटत नाही. इंग्रजांनी बेवर जंगलाची नासाडी ठरवून बंद पाडली. वेरिअर एल्विननं १९३९ मध्ये बैगांवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा या बंदीनं त्या लोकांचं काय झालं हे त्यात मांडलं. बेवरीच्या बाजूनं आणि विरोधात आजही बोललं जातं. माझ्या मते त्या वादात एक गोष्ट मागे पडते. पावसाचा दिवस हेरण्याची एक बारीक विद्या त्या शेतीबरोबर मोडीत निघाली.

खाली धानाचा भाग नक्षत्रांवर चालतो. सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणीत जातो आणि नवतपा सुरू होतो. हे नऊ दिवस जितके तापतील तितका पाऊस चांगला, असं इथे सगळे मानतात. बालाघाटात तेव्हा पारा ४४ च्या घरात असतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि रात्रीही भिंतींतून धग येते. या समजात तथ्याचा अंश आहे. उत्तर भारताची जमीन तापून तिथे दाब कमी होणं हे मोसमी वाऱ्यांच्या यंत्रणेचं अंग आहेच. पण ती तापणारी जमीन राजस्थान-पाकिस्तानकडची आहे. बालाघाटचे नऊ दिवस तापल्यानं बालाघाटचा पाऊस ठरत नाही. तो उपसागरात ठरतो.

मिरगात, म्हणजे ७-८ जूननंतर, पहिल्या सरी येतात. मोसमी पाऊस रीतसर दाखल व्हायला जूनचा मध्य उजाडतो. या दोहोंमधला आठवडा सर्वांत धोक्याचा. वळवाच्या एका दमदार सरीनं जमीन भिजते, बियाणं टाकण्याचा मोह होतो आणि मग पंधरा दिवस ऊन पडतं. पऱ्हे (धानाची रोपं) करपले की बियाणं दुसऱ्यांदा विकत घ्यावं लागतं, आणि दुसऱ्यांदा पेरलेले पऱ्हे मागे पडतात. धानाचं रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचं असताना रोवलं तर त्याला फुटवे चांगले येतात. चाळीस दिवसांचं झालं की उंच होतं, पण फुटायचं विसरतं. म्हणजे पऱ्हे तयार असतील त्याच आठवड्यात बांधीत चिखलणीपुरतं पाणी साचलेलं हवं. दोन तारखा जुळायला हव्यात, आणि त्यांतली एक आभाळाच्या ताब्यात आहे. ज्यांच्याकडे बोडी, तलाव किंवा कालवा आहे त्यांना हा मेळ घालता येतो. वैनगंगेवर ढुटीचा ब्रिटिशकालीन बंधारा आहे, त्याच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याची जुलैतली झोप आणि कोरडवाहू शेतकऱ्याची झोप सारखी नसते. काही जण रोवणीचा नाद सोडून आवत्या टाकतात, म्हणजे बी थेट बांधीत पेरतात. खर्च वाचतो, पण तण वाढतं.

जुलैत रोवणी सुरू झाली की गावं रिकामी होतात. बायांच्या टोळ्या गुत्त्यानं रोवणी घेतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून या गावाहून त्या गावी जातात. पोटरीपर्यंत चिखलात, कमरेत वाकून, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, आणि पाऊस चालू. पाऊस थांबला तर काम थांबतं, म्हणून पावसात काम. याच दिवसांत विजा पडतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात २,८८७ माणसं वीज पडून मेली. त्यांतली ४९६ एकट्या मध्य प्रदेशातली, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. मोकळं, सपाट, पाण्यानं भरलेलं शेत, त्यात उभा असलेला माणूसच सर्वांत उंच. सर आली की टोळी आडोसा शोधते आणि आडोसा म्हणजे धुऱ्यावरचं एकुलतं एक मोहाचं झाड. वीज तिथेच पडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं ‘दामिनी’ हे ॲप काढलं आहे. आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते थोडा वेळ आधी सावध करतं. चांगलं काम आहे. पण चिखलात वाकलेल्या बाईचा फोन घरी असतो किंवा धुऱ्यावर पिशवीत असतो, आणि इशारा मिळाला तरी अर्ध्या तासात पोचता येईल असं पक्कं छप्पर शिवारात नसतं. शंभर एकरांमागे एक तडितरोधक बसवलेली साधी खोली उभी राहिली तर जीव वाचतील, असं मला ठामपणे वाटतं. पाणंद रस्ते आणि शेततळ्यांच्या यादीत ही गोष्ट कधी दिसत नाही.

ऑगस्ट हा भरवशाचा महिना मानला जातो, पण २०२३ च्या ऑगस्टात देशभर पावसानं जी दडी मारली तशी १९०१ पासूनच्या नोंदींत ऑगस्टात कधीच मारली नव्हती. तूट ३६ टक्के होती. आणि त्याच्या तीनच वर्षं आधीचा ऑगस्ट बरोबर उलटा होता. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात उपसागरातून आलेलं एक क्षेत्र मध्य प्रदेशावर रेंगाळलं. सिवनी जिल्ह्यात वैनगंगेवर संजय सरोवर, म्हणजे भीमगडचं धरण आहे. ते भरलं आणि दरवाजे उघडावे लागले. बाघ नदीच्या खोऱ्यातून पुजारीटोल्याचं पाणी आलं. बालाघाटात वैनगंगा काठ सोडून वर आली. मग ते सगळं पाणी एकत्र होऊन गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत उतरलं. खाली पवनीजवळ गोसेखुर्दचे सगळे, ३३ दरवाजे उघडले तरी भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि पुढे चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावं बुडाली. ज्या गावांत थेंबभर पाऊस नव्हता तिथेही पूर आला.

या पुराकडे महाराष्ट्रात बहुतेकांनी ‘मध्य प्रदेशनं पाणी सोडलं’ अशा नजरेनं पाहिलं. रागावलेल्या माणसाला तसं वाटणं समजण्यासारखं आहे. पण ज्या रात्री भंडारेकर सामान माळ्यावर चढवत होते त्याच्या आधीच बालाघाटची माणसं तेच करत होती. नदी सिवनी जिल्ह्यात मुंडाराजवळ उगम पावते, बालाघाटातून जाते, मग महाराष्ट्रात येते, वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत विलीन होते. तिचं पाणी एका राज्यात मोजलं जातं, दुसऱ्यात अडवलं जातं आणि तिसऱ्यात पोचतं. भीमगडच्या वर किती पाऊस झाला, दरवाजे किती आणि कधी उघडणार, बाघेचं पाणी त्याच वेळी येणार का, हे बालाघाट, गोंदिया आणि भंडारा या तिन्ही जिल्ह्यांतल्या सरपंचाला एकाच वेळी आणि त्याच्या भाषेत कळायला हवं. धरण किती भरून ठेवायचं हा प्रश्नही यातच येतो. ऑगस्टअखेर धरण काठोकाठ असावं, असं सिंचन खात्याला वाटतं, कारण १८९६ सारखा सप्टेंबर आला तर तेच पाणी धान वाचवेल. आणि नेमकं ऑगस्टअखेर उपसागरातलं मोठं क्षेत्र येण्याची शक्यता असते, तेव्हा धरणात मोकळी जागा हवी. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पाच-सहा दिवस आधीचा पावसाचा अंदाज आज पूर्वीपेक्षा बराच भरवशाचा झाला आहे. त्यावर विसंबून आधी थोडं पाणी सोडण्याचं धाडस यंत्रणांनी करायला हवं.

वैनगंगेचं दुसरं टोक उन्हाळ्यात दिसतं. बालाघाट शहरात बजरंग घाटावर मे महिन्यात उभं राहिलं तर समोर वाळू आणि तिच्यातून वाट काढणारी पाण्याची धार. रुडयार्ड किपलिंगच्या १८९५ मधल्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये दुष्काळाची एक गोष्ट आहे. वैनगंगा आटते, पात्रातला खडक उघडा पडतो आणि पाण्यापुरता वाघ-हरणांचा तह होतो. किपलिंग या भागात आला नव्हता, इंग्रज शिकारी-अधिकाऱ्यांच्या पुस्तकांवर त्यानं भिस्त ठेवली, असं अभ्यासक सांगतात. तरी पावसाळ्यात पूर आणणारी ही नदी उन्हाळ्यात खडक दाखवते, हे त्यानं अचूक पकडलं. नदीच्या कोरड्या वाळूत ढिवर-कहार मंडळी टरबूज-डांगराच्या वाड्या करत आली आहेत. वाळूचा उपसा जिथे बेसुमार होतो तिथे वाड्याही जातात आणि उन्हाळ्यात वाळूखाली टिकणारं पाणीही जातं.

फेब्रुवारी ते मे हा काळ जंगलावर जगणाऱ्यांचा. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुलं पहाटेपासून गळू लागतात आणि उन्हं चढेपर्यंत वेचली जातात. रात्री आभाळ आलं तर गळ कमी, पाऊस झाला तर फूल काळं पडतं. मे महिन्यात तेंदूपत्ता. पन्नास पानांचा पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा मध्य प्रदेशातला हिशेब. उन्हात वाळत घातलेले पुडे वळवाच्या एका सरीत बुरशी धरतात आणि तोडणीआधी गारा पडल्या तर पानालाच भोकं पडतात. पश्चिमेकडून आलेला थंड हवेचा झोत आणि उपसागराकडचं बाष्प यांची गाठ याच पट्ट्यात पडते, म्हणून फेब्रुवारी-मार्चची गारपीट विदर्भाइतकीच इथेही ठरलेली. धानाच्या नुकसानीचे पंचनामे होतात. वाळत घातलेल्या मोहाचे कुणी करत नाही.

धान सप्टेंबरात निसवतो आणि मग हस्ताकडे डोळे लागतात. २७ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या हस्त नक्षत्राच्या एक-दोन सरी दाणा भरायला पुरतात. हलका धान तोवर कापणीला आलेला असतो, त्याला हाच पाऊस नको असतो. भारी धानाला मात्र तो हवाच. बालाघाटचा चिन्नोर हा भारी धान. सुवासिक, मऊ, शेतात पाच महिने उभा राहणारा. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चिन्नोरचं उत्पन्न कमी आणि जोखीम जास्त, म्हणून मधल्या काळात तो मागे पडला होता. मानांकनामुळे भाव मिळाला तर शेतकरी तो लावेल, पण पाच महिने उभं राहणाऱ्या पिकाला दिवाळीनंतरही आभाळ कोरडं लागतं. ढगाळ, दमट दिवस लांबले की तुडतुडा वाढतो आणि बघता बघता शेतात गोल गोल वाळलेले डाग दिसू लागतात.

आणि उपसागर पावसाळा सरल्यावरही शांत नसतो. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुडहुड चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचा उरलेला जोर छत्तीसगडमार्गे या बाजूला आला. ५ डिसेंबर २०२३ ला मिचौंग आंध्रच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पूर्व विदर्भ आणि बालाघाट भिजले. मध्य प्रदेशात हमीभावानं धान खरेदी डिसेंबरच्या सुरुवातीलाच चालू होते. कापलेल्या कडपा बांधीत, मळलेला धान खळ्यात आणि पोती खरेदी केंद्राच्या मैदानात, असं तीन ठिकाणी एकाच वेळी पडलेलं वर्षभराचं पीक त्या पावसात सापडलं. खरेदीसाठी धानात ओल १७ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. हार्वेस्टरनं कापलेल्या धानात ती आधीच जास्त असते, उन्हात पसरून ती खाली आणावी लागते. तीन दिवस सूर्य दिसला नाही तर दाण्याला कोंब फुटतात, तांदूळ पिवळा पडतो आणि पोतं परत घरी न्यावं लागतं.

चक्रीवादळाची सूचना चार-पाच दिवस आधी मिळते. तेवढ्या वेळात उभा धान कापायचा नाही, कापलेला आहे तो उंचावर रचायचा, मळलेला झाकायचा आणि केंद्रावर टोकन मिळालेल्यांची पोती आधी मोजून घ्यायची, एवढं तर करता येतं. शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सगळं शेतकरी स्वतः करतो. ताडपत्री भाड्यानं आणतो, ती पुरली नाही तर घरातल्या सतरंज्या काढतो, रात्रभर खळ्यावर बसतो. टोकनची तारीख मात्र त्याला बदलता येत नाही.